इटलीची गोड मिरची आणि घरांत राखलेलें बीं

बाजारांतून आणलेली एखादी गुबगुबीत ढोबळी मिरची चिरतांना तिच्या पोटांतल्या बिया पाहून पुष्कळ गृहिणींच्या मनांत येतें कीं, ह्या फेंकून देण्यापेक्षां गच्चीवरल्या कुंडींत टाकून पाहाव्यात. बिया उगवतात, झाड वाढतें, फुलेंहि येतात; परंतु पुढें जें फळ हातीं येतें, तें पुष्कळदां मूळ मिरचीचें नांव सांगत नाहीं. कोठें तें बारीक निघतें, कोठें वाकडें, तर कोठें अगदीं पातळ गराचें. दोष मातीचा कीं पाण्याचा, अशी चर्चा मग घरांत होते आणि शेवटीं ‘आमच्या हाताला यशच नाहीं’ असें म्हणून त्या कुंडींत तुळस लावली जाते.

याच्या अगदीं उलट उदाहरण एका इटालियन कुटुंबाचें आहे. दक्षिण इटलींतील बासिलिकाता प्रांतांत रुओती नांवाचें एक गांव आहे. तेथील जुझेप्पे व आंजेला नार्देल्लो हें दांपत्य १८८७ सालीं अमेरिकेंत गेलें आणि कनेक्टिकट राज्यांतील नॉगटक येथें स्थायिक झालें. त्यांच्या सामानांत गांवाकडच्या एका गोड मिरचीच्या बिया होत्या. त्या बियांची संतति सव्वाशेंहून अधिक वर्षांनंतर आजहि देशोदेशींच्या परसबागांत वाढत आहे, आणि तिला येणारें फळ वीतभर लांब, निमुळतें, लालभडक व गोड असेंच येतें. एका घरीं बीं पहिल्याच पिढींत फसवितें आणि दुसऱ्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या दिल्या वचनाप्रमाणें वागतें, हें कसें? याचें उत्तर माळ्याच्या हातगुणांत शोधून सांपडावयाचें नाहीं. तें बियाण्याच्या कुळांत आणि तें राखणाऱ्या घराच्या सवयींत आहे. म्हणून इटलीच्या जुन्या गोड मिरच्या घरच्या बागेंत कशा वाढवाव्यात हें पाहतांना लागवडीइतकाच बीं राखण्याचाहि विचार करावा लागतो.

मिरचीचें माहेर इटलींत नाहीं आणि भारतांतहि नाहीं. ती मूळची अमेरिका खंडाची. कोलंबस १४९३ सालीं आपल्या पहिल्या सफरीहून परतला, तेव्हां ती स्पेनांत पोंचली आणि पुढें भूमध्यसमुद्राच्या कांठच्या देशांत पसरली. पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत तीच गोव्याच्या वाटेनें भारतांत आणिली. तेव्हां महाराष्ट्रांतील ठेच्याची मिरची आणि इटलींतील गोड मिरची ह्या एकाच घराण्यांतील बहिणी होत. वनस्पतिशास्त्रज्ञ दोघींनाहि ‘कॅप्सिकम ॲन्युअम’ ह्या एकाच जातींत घालतात. एक तिखट निघाली व दुसरी गोड, हा त्यांतील ठळक भेद. आणि ह्या भेदाचें कारण पुढें बीं राखतांना फार उपयोगी पडणार असल्यामुळें तें येथेंच पाहून ठेवणें बरें.

मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन नांवाच्या द्रव्यामुळें येतो. पुष्कळांची समजूत आहे कीं हें द्रव्य बियांत असतें. वास्तविक बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात, त्या गाभ्यांत तें तयार होतें. बियांना त्याचा केवळ संसर्ग होतो. हें द्रव्य निर्माण करण्याची शक्ति झाडाला एका विशिष्ट जनुकामुळें मिळते. तो जनुक नेमका कोणता, हें शास्त्रज्ञांनीं २००५ सालीं दाखवून दिलें. प्रत्येक झाडांत ह्या जनुकाच्या दोन प्रती असतात; एक मातेकडून आलेली व दुसरी पित्याकडून आलेली. दोन्ही प्रती निकामी असतील, तरच फळ गोड होतें. त्यांपैकीं एक जरी कामाची असली, तरी फळ तिखट निघतें. म्हणजे मिरचींत तिखटपणा हा वरचढ होणारा गुण आहे आणि गोडपणा हा दबून राहणारा गुण आहे. मेंडेल नांवाच्या मठवासी साधूनें वाटाण्यावर अनेक वर्षें प्रयोग करून १८६५ सालीं आनुवंशाचे जे नियम मांडले, तेच येथेंहि लागू पडतात.

इटलींतील बागाइतदारांनीं व गृहिणींनीं ह्या गोड बहिणीला निवडून निवडून आपापल्या चुलीला साजेसें रूप दिलें. प्रांतोप्रांतींचें स्वयंपाकघर निराळें, म्हणून मिरचीहि निराळी. उत्तरेकडील पिएमाँत प्रांतांत तूरिन शहराच्या दक्षिणेस कार्मान्योला नांवाचें गांव आहे. तेथील मिरच्यांत कोणी चौकोनी, कोणी बैलाच्या शिंगासारखी लांब, कोणी भोंवऱ्यासारखी निमुळती, तर कोणी टोमॅटोसारखी चपटी असते. त्याच प्रांतांतील आस्तीची चौकोनी मिरची जाड गराबद्दल नांवाजलेली आहे. अशा जाड गराच्या मिरच्या विस्तवावर भाजून, वरचें काळें साल काढून तेलांत घालून ठेवितात. ‘कोर्नो दि तोरो’, म्हणजे बैलाचें शिंग, ह्या नांवाची मिरची वीतभर वा त्याहून लांब वाढते आणि पिकली म्हणजे लाल किंवा पिवळी होते. भाजण्यास व परतण्यास ती सारखीच चांगली. मिरच्या उभ्या चिरून कांदा व टोमॅटो यांच्याबरोबर मंद आंचेवर शिजविल्या म्हणजे जी भाजी होते, तिला ‘पेपेरोनाता’ म्हणतात.

दक्षिणेकडे ऊन अधिक, म्हणून तेथें वाळवणाच्या मिरच्यांना मान. बासिलिकातांतील सेनीसे गांवची मिरची पातळ सालीची व थोड्या पाण्याची असल्यामुळें लवकर वाळते. तिचे देंठ दोऱ्यांत ओवून मोठमोठ्या माळा करितात आणि त्या घराच्या भिंतींवर व सज्ज्यांवर टांगतात. वाळलेली मिरची क्षणभर गरम तेलांत सोडून काढली कीं पापडासारखी कुरकुरीत होते. दहींभाताबरोबर सांडगी मिरची तळून घेणाऱ्या महाराष्ट्रीय घराला ही रीत परकी वाटूं नये. फक्त तेथें मिरचींत मसाला भरीत नाहींत आणि खातांना जिभेला चटका बसत नाहीं. सेनीसेच्या ह्या मिरचीच्या नांवाला युरोपीय संघानें १९९६ सालीं कायद्याचें संरक्षण दिलें. रुओतीहून निघालेली नार्देल्लो कुटुंबाची मिरची ह्याच बासिलिकाता प्रांताची. तीहि पातळ सालीची. तेलांत परतावी किंवा वाळवावी अशी.

ह्या सर्व मिरच्यांच्या बाबतींत एक गोष्ट ध्यानांत ठेवावयाची, ती ही कीं हिरवी मिरची ही कच्ची मिरची होय. महाराष्ट्रांत ढोबळी मिरची बहुधा हिरवीच खाल्ली जाते. त्यामुळें किंचित् कडसरपणा हा तिचा स्वभावच आहे, असा समज झाला आहे. तीच मिरची आणखी कांहीं आठवडे झाडावर राहूं दिली, तर तिचा रंग पालटतो, साखर वाढते आणि क-जीवनसत्त्वाचें प्रमाणहि वाढतें. इटलींत लहान हिरव्या मिरच्या तळून खाण्याची पद्धत आहे, परंतु शिंगाच्या व चौकोनी मिरच्यांची खरी चव पिकल्यावरच कळते. घाई करून हिरवी तोडणाऱ्यानें ‘ह्यांत एवढें काय आहे?’ असें विचारलें, तर दोष मिरचीचा नव्हे.

आतां पुन्हां नार्देल्लो कुटुंबाकडे वळावें. ह्या दांपत्याला अकरा मुलें झालीं. त्यांतील चौथा मुलगा जिमी. आईबापांनीं आणलेली मिरची त्यानें जन्मभर आपल्या बागेंत लाविली आणि दर वर्षीं तिचें बीं राखिलें. १९८३ सालीं तो वारला. परंतु त्यापूर्वीं त्यानें हें बीं ‘सीड सेव्हर्स एक्स्चेंज’ नांवाच्या संस्थेच्या स्वाधीन केलें होतें. ही संस्था डायॲन व केंट व्हीली ह्या पतिपत्नींनीं १९७५ सालीं अमेरिकेंत काढिली. तिच्या स्थापनेचें निमित्तहि मोठें घरगुती होतें. डायॲनबाईंच्या आजोबांनीं नातीला एका फुलवेलीचें व एका टोमॅटोचें बीं दिलें होतें. तीं दोन्हीं बियाणीं घराण्याच्या पूर्वजांनीं जर्मनींतील बव्हेरियाहून आणलेलीं. आजोबा गेले म्हणजे हें बींहि जाणार, आणि अशीं किती घरें असतील, ह्या विचारांतून तें कार्य उभें राहिलें. ज्यांच्या घरीं जुनें बीं आहे, त्यांनीं तें एकमेकांस द्यावें, म्हणजे एका घरीं बुडालें तरी दुसऱ्या घरीं उरेल, असा हा सरळ व्यवहार आहे. रुओतीची ती मिरची आज ‘जिमी नार्देल्लो’ ह्या नांवानेंच ओळखली जाते. दांपत्य गेलें, मुलगा गेला, परंतु वाण राहिला. कारण कोणीतरी दर वर्षीं चार फळें खाण्याचा मोह आवरून तीं बियांसाठीं बाजूला ठेविलीं.

असें न झालें तर काय होतें, हें आस्तीच्या चौकोनी मिरचीच्या हकीकतीवरून दिसतें. कार्लो पेट्रिनी हे पिएमाँत प्रांतांतील गृहस्थ. जुन्या खाद्यपदार्थांच्या व वाणांच्या रक्षणासाठीं चाललेल्या ‘स्लो फूड’ चळवळीचे ते संस्थापक. १९९६ सालीं ते आस्तीजवळच्या एका खानावळींत पेपेरोनाता खाण्यास बसले असतां तिला पूर्वीची चव उरली नसल्याचें त्यांच्या ध्यानांत आलें. चौकशी करितां कळलें कीं मिरच्या हॉलंडहून येतात. त्या स्वस्त पडतात, एकसारख्या असतात आणि पेट्यांत नीट बसतात. मग जवळच्याच गांवीं, जेथें पूर्वीं ही मिरची पिकत असे, तेथील कांचघरांत आतां काय लावितात म्हणून ते पाहावयास गेले. तेथें ट्यूलिप फुलांचे कंद वाढत होते आणि ते कंद हॉलंडला जात होते! हॉलंडच्या मिरच्या आस्तीला आणि आस्तीचीं ट्यूलिपें हॉलंडला, अशी ही देवाणघेवाण. त्यांत कोणा एकाचा दुष्टपणा नव्हता. ज्याला जें परवडलें, तें त्यानें केलें. परंतु एखादा वाण नाहींसा होतो तो बहुधा असाच, कोणाच्या लक्षांत न येतां. आस्तीच्या मिरचीचें सुदैव इतकेंच कीं कांहीं लोकांनीं तिचें बीं सोडलें नाहीं, आणि म्हणून तें आजहि मिळूं शकतें.

येथें पिढीजात वाण आणि संकरित वाण यांतील फरक स्पष्ट केला पाहिजे. दोन निरनिराळ्या शुद्ध वाणांचा मुद्दाम संकर करून जें बियाणें तयार करितात, तें संकरित बियाणें. त्याचीं पहिल्या पिढीचीं झाडें एकसारखीं, जोमदार व भरपूर फळणारीं असतात. पुष्कळदां त्यांत रोगांशीं झुंजण्याची शक्तिहि घातलेली असते. शेतकऱ्याच्या दृष्टीनें ही मोठी सोय आहे आणि तिला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु ह्या झाडांच्या फळांतील बिया पेरल्या, तर पुढील पिढींत आजा-आजींचे गुण निरनिराळ्या प्रकारें वाटले जातात. कोणाच्या वांट्याला आकार येतो, कोणाच्या वांट्याला जाड गर, तर कोणाच्या वांट्याला दोन्हीं येत नाहींत. बाजारांतील ढोबळी मिरची बहुधा संकरित बियाण्याची असते. प्रारंभीं सांगितलेल्या कुंडीचें कोडें तें हेंच. पिढीजात वाणाचें असें होत नाहीं. अनेक पिढ्यांच्या निवडीनें त्याचे गुण स्थिर झालेले असतात, आणि त्यांत परका पराग शिरला नाहीं तर मुलगी आईसारखीच निघते.

परका पराग शिरला नाहीं तर, ही अट मात्र महत्त्वाची आहे. मिरचीच्या एकाच फुलांत स्त्रीकेसर व पुंकेसर दोन्ही असतात, त्यामुळें बहुतेक फुलें आपल्याच परागानें फळतात. तथापि मधमाश्या व इतर कीटक एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडावर नेतातच. गोड मिरचीशेजारीं तिखट मिरची लाविली तर गोड मिरची तिखट होते, अशी एक समजूत सर्वत्र आढळते. ती अर्धी खोटी व अर्धी खरी आहे. यंदाच्या झाडावर जें फळ येतें, त्याचा गर सर्वस्वीं मातेचा असतो. शेजारणीचा पराग त्याला तिखट करूं शकत नाहीं. परंतु त्या फळांतील बींत पित्याचा अंश उतरलेला असतो. तें बीं पुढील वर्षीं पेरलें म्हणजे तिखटपणा वरचढ असल्यामुळें त्या झाडाचीं फळें तिखट निघतात. त्या तिखट झाडाचें बीं स्वतःच्याच परागानें धरलेलें घेऊन पुन्हां पेरलें, तर चारांपैकीं सरासरी एक झाड गोड निघेल, हें खरें. परंतु तोंपर्यंत आकार, गर, चव सर्वांची सरमिसळ झालेली असेल. महाराष्ट्रांतील बागेंत तर ही भीति अधिकच, कारण जेथें चार कुंड्या आहेत तेथें एक हिरव्या मिरचीची असावयाचीच!

लागवडीची रीत अवघड नाहीं. ऋतूची निवड मात्र साधली पाहिजे. उत्तर इटलींत फेब्रुवारी-मार्चांत घरांत किंवा कांचघरांत बीं पेरितात आणि रोपें मे महिन्याच्या मध्यानंतर उघड्यावर लावितात. ११, १२ व १३ मे हे तेथें ‘बर्फाचे संत’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तीन संतांचे दिवस. ते उलटेपर्यंत हिमाची भीति धरितात. ऑगस्ट-सप्टेंबरांत फळें पिकतात आणि हिंवाळा आला कीं झाडें मरतात. म्हणजे तेथें थंडी हा शत्रु आहे. दख्खनच्या पठारावर शत्रु निराळा आहे: एप्रिल-मेचें कडक ऊन आणि पावसाळ्यांतील सततची ओल. दिवसाचें तापमान ३२-३५ अंशांच्या वर गेलें किंवा रात्रीचें १५ अंशांच्या पुष्कळ खालीं उतरलें कीं मिरचीचीं फुलें गळूं लागतात. म्हणून पुणें-नाशिकाकडील बागेंत सप्टेंबरांत बीं पेरून ऑक्टोबरअखेर वा नोव्हेंबरांत रोपें लावावींत, म्हणजे कडक उन्हाळा सुरू होण्यापूर्वीं फळें पिकून हातीं येतात.

बीं उथळ खोक्यांत, मऊ व निचऱ्याच्या मातींत, अर्धा सेंटिमीटर खोल पेरावें. २५ ते ३० अंश ऊब असली म्हणजे आठ ते चौदा दिवसांत तें उगवतें. ह्या अवस्थेंत पाणी अधिक झालें तर रोपांचीं मानें जमिनीलगत कुजून तीं कोलमडतात. पहिलें अपयश पुष्कळांना येतें तें येथेंच. सहा ते आठ आठवड्यांनीं रोप वीतभर उंच झालें म्हणजे तें कायमच्या जागीं न्यावें. वाफ्यांत दोन रोपांमध्यें सुमारें ४५ सेंटिमीटर अंतर असावें. कुंडी असेल तर ती निदान ३० सेंटिमीटर रुंद व तितकीच खोल असावी आणि तींत एकच झाड लावावें. एका कुंडींत तीन रोपें लावणारा तिन्हींकडून अर्धपोटीं फळें घेतो. पोयटा माती, चांगलें कुजलेलें शेणखत अथवा गांडूळखत आणि थोडी वाळू एवढें मिश्रण पुरतें. नत्रयुक्त खताचा मारा केला तर झाड पानांनीं हिरवेंगार होतें आणि फळांना मात्र पारखें राहतें.

झाडाला रोज सहा तास तरी ऊन मिळावें. फेब्रुवारीनंतर मात्र दुपारच्या उन्हांत थोडी सावली करावी, नाहींतर उघड्या पडलेल्या फळांवर उन्हानें भाजल्याचे पांढुरके डाग पडतात. पाणी नेमानें द्यावें. दोन दिवस कोरडें ठेवून तिसऱ्या दिवशीं कुंडी भरून वाहूं देण्याच्या संवयीमुळें फळाच्या टोंकाशीं काळा, खोलगट डाग पडतो. पुष्कळांना तो रोग वाटतो आणि ते औषध शोधूं लागतात; वास्तविक पाण्याच्या अनियमितपणामुळें चुना, म्हणजे कॅल्शियम, फळाच्या टोंकापर्यंत पोंचत नाहीं, एवढेंच त्याचें कारण असतें. मातीवर वाळल्या पानांचें आच्छादन घातलें तर ओल टिकते. मिरचीच्या फांद्या ठिसूळ असतात. शिंगासारखीं जड फळें लागलीं कीं त्या मोडतात, म्हणून प्रारंभींच काठीचा आधार द्यावा आणि फळ ओढून न तोडतां कात्रीनें कापून घ्यावें. रोप लावल्यापासून फळ पिकून लाल होईपर्यंत साधारणपणें ८० ते ९० दिवस लागतात.

महाराष्ट्रांत मिरची लावणाऱ्याला चुरडामुरडा ठाऊक असतोच. फुलकिडे व कोळी पानांतील रस शोषितात, पांढरी माशी विषाणूचा प्रसार करिते, आणि पानें आंखडून, चुरगळून जातात. तिखट मिरचीप्रमाणें ही इटालियन पाहुणीहि त्याला बळी पडते. पानें उलटून वारंवार पाहावीं, कीड थोडी आहे तोंच निंबोळी अर्क फवारावा, आणि विषाणूनें पुरतें ग्रासलेलें झाड मोह न धरतां उपटून टाकावें. आणखी एक सूचना विलक्षण वाटेल, परंतु ती शास्त्रास धरून आहे. तंबाखूवरील एक विषाणु मिरचीलाहि बाधतो आणि तो तंबाखू चोळलेल्या हातांनीं झाडावर जाऊं शकतो. तेव्हां घरांत कोणी तंबाखू खाणारे वडील माणूस असतील, तर त्यांनीं हात साबणानें धुतल्याशिवाय ह्या झाडांस हात लावूं नये.

आतां बीं राखण्याचा विधि. निदान पांच-सहा झाडें असलीं तर उत्तम; त्यांतील ज्यांचें फळ, चव व बांधा वाणाशीं जुळतो, अशींच झाडें बियांसाठीं निवडावींत. आकारानें वेगळें निघालेलें झाड कितीहि फळलें तरी त्याचें बीं घेऊं नये. निवडलेल्या झाडाच्या एका फांदीवर कळ्या आल्या, परंतु त्या उमललेल्या नाहींत, अशा वेळीं त्या फांदीवर पातळ मलमलीची पिशवी चढवून तोंडाशीं सैल बांधावी. त्या फांदीवर आधींच उमललेलें फूल किंवा धरलेलें फळ असेल तर तें काढून टाकावें. फुलें उमललीं म्हणजे रोज सकाळीं पिशवीला हलकेंच टिचकी मारावी, म्हणजे फुलाचा पराग फुलावरच पडतो. फळ धरून वाटाण्याएवढें झालें कीं पिशवी काढावी आणि देंठाला रंगीत दोरा बांधावा. दोरा बांधण्याचें विसरलें, तर तें फळ नेमकें भाजींत जातें, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे.

तें फळ झाडावर पूर्ण पिकूं द्यावें. मग कापून बिया ताटलींत पसराव्यात आणि सावलींत, वाऱ्यावर वाळवाव्यात. कडक उन्हांत किंवा चुलीजवळ वाळविल्यास त्यांतील जीव मरतो. बी वांकविली असतां न वांकतां मोडली, म्हणजे ती पुरती वाळली असें समजावें. पूर्वीं घरोघरीं बियाणें राखेंत घोळून मडक्यांत ठेवीत. हल्लीं घट्ट झांकणाची कांचेची बरणी पुरते. ती थंड, कोरड्या व अंधाऱ्या जागीं ठेवावी आणि तिच्यावर वाणाचें नांव व साल लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. असें बीं दोन-तीन वर्षें चांगलें उगवतें. पुढें त्याची उगवण घटत जाते. म्हणजे बीं नुसतें सांठवून भागत नाहीं, तें मधून मधून लावून ताजें करावें लागतें. एका बरणीवर विसंबूनहि राहूं नये. थोडें बीं शेजारीं वा नातेवाइकांस द्यावें.

हें बीं प्रथम मिळवावयाचें कोठून, असा प्रश्न साहजिक आहे. परदेशीं राहणारे नातेवाईक तें पाकिटांतून पाठविण्यास तयार असतात. परंतु बियांबरोबर रोगहि प्रवास करितात, आणि म्हणून भारत सरकारच्या २००३ सालच्या वनस्पति-विलगीकरण आदेशानें परदेशी बीं आणण्यास परवाना व आरोग्याचा दाखला यांचें बंधन घातलेलें आहे. तेव्हां रीतसर आयात करून येथें विकणाऱ्या व्यापाऱ्याकडूनच तें घ्यावें, आणि पुडीवर ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ असें छापलेलें नाहीं ना, एवढें पाहून घ्यावें.

बियाण्याचा हा व्यवहार केवळ इटलीचा किंवा अमेरिकेचा आहे असें नाहीं. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यांतील कोंभाळणे गांवच्या राहीबाई पोपेरे यांनीं गांवठी धान्यांचें व भाज्यांचें बीं घरीं राखून इतरांस वाटलें. शाळेची पायरी न चढलेल्या ह्या बाईंना २०२० सालच्या पद्मश्रीचा मान मिळाला तो ह्याच कामाबद्दल. रुओतीची मिरची आणि कोंभाळण्याचा वाल ह्यांत अंतर मोठें आहे, पण त्यांना वांचविणारी संवय एकच आहे: चांगलें फळ आधीं बियांसाठीं, मग ताटासाठीं.

इटलीची गोड मिरची गच्चीवर पिकविणाऱ्याला पहिल्या वर्षीं पेपेरोनाता मिळेल आणि ती रुचकरहि लागेल. परंतु खरी परीक्षा दुसऱ्या वर्षाची. घरच्या बरणींतलें बीं पेरून, त्याला पुन्हां तेंच वीतभर लांब, लाल व गोड फळ आलें, म्हणजे ह्या घराला तो वाण संभाळतां येतो असें म्हणावयास हरकत नाहीं. मुलांच्या हातीं मलमलीची पिशवी व रंगीत दोरा देऊन हें काम करून घेतलें, तर आनुवंशाचा जो पाठ शाळेच्या पुस्तकांत दोन पानांत उरकतो, तो त्यांना एका कुंडींत वर्षभर पाहावयास मिळेल. आणि बरणीवरची चिठ्ठी पुढें कोणी लिहावयाची, हाहि प्रश्न आपोआप सुटेल.